भोंगा, कान आणि शेळ्या

आमच्या तालुक्यात मला तंत्रस्नेही शिक्षक म्हणतात. हा किताब मी बेडूक होऊन मिळवला. ऑनलाइन प्रशिक्षण चालू होतं. साहेब बालशिक्षणावर गंभीरपणे बोलत होते आणि मी घरी, कॅमेरा बंद आहे या भ्रमात, उद्याच्या बडबडगीताचा सराव करत होतो. अंगात बनियन, खाली हाफ पँट, आणि पलंगापासून कपाटापर्यंत डराँव डराँव उड्या. साऱ्या तालुक्यानं ते पाहिलं. साहेबांना वाटलं, त्यांनी सांगितलेली कृती हा माणूस तिथल्या तिथं करून दाखवतोय. त्यांनी नाव घेऊन कौतुक केलं, तेव्हा घाबरून मी आणखी एक उडी मारली. तेव्हापासून कुणाचा मोबाइल अडकला की फोन मला येतो.

माझी शाळा नळदुर्गच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत. पहिलीची पोरं आणि बालवर्गातली चिल्लीपिल्ली एकाच खोलीत, माझ्यापुढं. भिंतीवर गावानं वर्गणी काढून दिलेला मोठा टीव्ही. त्यावर इंटरनेटवरची गाणी, चित्रं, खेळ, सगळं लागतं. फक्त त्याचा आवाज इतका बारीक की हत्ती ओरडला तरी पोरं विचारायची, "सर, त्याला काय झालंय?"

त्या वर्षी दिवाळीनंतर मेंढपाळाची एक पोरगी बालवर्गात आली. आई-बाप मेंढरं घेऊन येडशीच्या अंगाला निघणार होते आणि पोरीला आजीजवळ ठेवावं की सोबत न्यावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. पोरगी वर्गात रडत नव्हती, पण बोलतही नव्हती. दिवसभर दाराशी बसायची, बाहेर तोंड करून.

निघायच्या आदल्या दिवशी तिची आई शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, माझा जीव लागंना. मी घिऊनच जाते तिला."

आता गप्प बसावं की नाही? पण तंत्रस्नेही माणसाला गप्प बसणं जमत नाही. म्हणालो, "ताई, तुम्ही कुठंही असा. मी तुम्हाला पोरगी वर्गात बसलेली दाखवतो. व्हिडिओवर. एवढ्या मोठ्या टीव्हीवर तुम्ही तिला दिसाल, तुमच्या फोनवर ती तुम्हाला दिसेल."

तिनं टीव्हीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. टीव्हीवर तिचा जास्त विश्वास बसलेला दिसला. "बरं. जरा दिवस बघते. पर रमली न्हाय, तर ह्यांला पाठवून घिऊन जाणार. मग आडवायचं न्हाय."

"नाही अडवणार," मी म्हणालो. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारातून हे ऐकत होत्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "सर, तुम्ही काल प्रिंटर चालू करायला मला बोलावलं होतं."

पहिल्या कॉलचा दिवस उजाडला. टीव्हीच्या बारीक आवाजावर मी जालीम उपाय शोधला होता. टीव्हीच्या आवाजाची वायर काढून सरळ परिपाठाच्या मशीनला जोडली, जिच्यावर आम्ही रोज सकाळी प्रार्थना म्हणतो. मशीनला वर्गातला स्पीकर आहे, हे मी लक्षात ठेवलं. छपरावर गावाकडं तोंड केलेला भोंगाही आहे, हे मी लक्षात ठेवलं नाही.

कॉल लागला. टीव्हीवर माळ, आभाळ आणि मेंढरांच्या पाठी. मग आईचं तोंड. पोरं ओरडली. तिकडं वारा सुटलेला, तिला काही ऐकू येईना, म्हणून तिनं फोन कानाला लावला. झालं. भिंतभर कान. कानात फुलं, वर पदराचा काठ, आणि बाकी सगळा कान.

"कान आला! कान आला!" बालवर्ग नाचायला लागला. एकानं कानाला नमस्कार केला. दारातली पोरगी मात्र उठली, टीव्हीपाशी आली आणि कानाकडं बघत राहिली.

"जेवलीस का गं?" कान म्हणाला. पोरीनं मान हलवली. कानाला मान कशी दिसणार?

"ताई, फोन तोंडापुढं धरा!" मी ओरडलो.

"काय करू?"

"तोंडापुढं!"

"आजी तरास देती का गं? दूध देती का, समदं डेरीला घालती?"

हे सगळं छपरावरून गावभर चाललंय, हे मला कसं कळावं? मला वाटलं, आवाज काय खणखणीत येतोय! स्वतःच्या वायरिंगवर मी खूश होतो.

तेवढ्यात तिकडं मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली. बाप फोनजवळच उभा होता. त्यानं तोंडाला हात लावून मेंढरांना मागं बोलावणारी त्याची खास हाळी दिली, "हिर्रऽऽ यो यो यो!" वर्गाचे पत्रे थरथरले. बापानं पुन्हा हाळी दिली. आणखी एकदा दिली.

धनगराची जनावरं धन्याची हाळी बरोबर ओळखतात. ह्या गड्यानं चार-पाच शेळ्या म्हातारीजवळ, म्हणजे पोरीच्या आजीजवळ, गावात ठेवल्या होत्या. त्या ओढ्याला चरत होत्या. धनी छपरावरून हाका मारतोय म्हटल्यावर त्यांनी काय करावं? त्या आल्या. आधी फाटकातून, मग व्हरांड्यातून, मग दारातून, थेट टीव्हीपुढं. एकीनं मुळाक्षरांचा तक्ता ओढला आणि 'क'पासून खायला सुरुवात केली. एक माझ्या टेबलावर चढली. मी खुर्चीवर चढलो. पोरं बेंचांवर चढली. शेळ्यांच्या मागं धापा टाकत म्हातारी.

"कुठं हाय ती?" म्हातारी कडाडली. "मी दूध डेरीला घालती व्हय?" आणि समोर एवढा मोठा कान बघून ती दोन पावलं मागं सरली.

इतक्यात कानाच्या जागी एकदम आईचं तोंड आलं. "गुरुजी, काय चाललंय तिथं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या पायाशी आवाज फुटला. त्या पोरीचा. "आये! तांबडी आली! बांडी आली! गुर्जी खुर्चीवर चडल्यात, बांडी टेबलावर! तक्ता खाल्ला आये! आजीबी आली!" वर्गात कधी अक्षर न काढलेली ती पोरगी श्वास न घेता सांगत सुटली. शेळ्या, मास्तर, म्हातारी, कुणाला सोडलं नाही. आई पदर तोंडाला लावून हसत होती. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि मग हळूच विचारलं, "येतीस का माज्याकडं? बापाला पाठवू न्यायला?"

मला वाटलं, आता माझा तंत्रस्नेहीपणा तांबडीसोबत बाहेर जाणार.

पोरीनं विचार केला. "आज नगं," म्हणाली. "आज शाळंत शेळ्या आल्यात."

"आन् उद्या?"

"उद्याबी आल्या तर बसती मी."

आई म्हणाली, "गुरुजी, ऐकलं न्हवं? उद्या परत लावा. मला बघायचीय बसलेली." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत मी म्हातारीच्या दारात उभा होतो.

"मावशी, एखादी शेळी द्याल का? दुपारपर्यंत."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि बांडीचं दावं सोडलं. "नेता का धरून," ती म्हणाली, "का फोनवर बोलावता?"