टँकरचं घनफळ

त्या दुष्काळात मी शिरूर कासारजवळच्या एका शाळेत गणित शिकवत होते. पुस्तकातल्या आकृतीवरून दहावीच्या मुलींना वृत्तचितीचं घनफळ कळेना, म्हणून मी वर्गच गावात आलेल्या पाण्याच्या टँकरपाशी नेला. मुलींनी सुतळीनं टाकीचा घेर आणि लांबी मोजली. टाकीवर बारा हजार लिटर लिहिलेलं होतं. आई-बाप ऊसतोडीला गेलेली एक मुलगी वही घेऊन आली.

"मॅडम, हिच्यात नऊ हजाराच्या वर पाणी मावतच न्हाई."

मी दोनदा तपासलं. तिचं बरोबर होतं. ड्रायव्हर ऐकत होता.

टँकर गावच्या सहकारी सोसायटीच्या चेअरमनचा होता आणि आमच्या शाळेचे अध्यक्षही तेच होते. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "नोकरी करायची हाय ना मॅडम? मग वर्गात सांगून टाका, मोजण्यात चूक झाली."

मी सांगितलं. ती मुलगी उभी राहिली. "कुठं चुकलं, मॅडम?"

"सुतळी सैल धरली असेल."

तिनं वहीतला आकडा पाहिला. "सैल धरली असती तर घेर जास्त आला असता. मग पाणी पण जास्त निघालं असतं."

मी तिला खाली बस म्हणाले. त्या वर्षी माझ्या वर्गात पुन्हा कुणी प्रश्न विचारला नाही.