वडिलांविरुद्धचं पत्रक

ते पत्रक लिहिलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. त्यातला ‘विकला गेलेला ग्रेडर’ म्हणजे माझे वडील.

वडील धरणगावच्या बाजूला एका खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवायचे. गाडीतून पुंजका उपसायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, तंतूची लांबी बघायची आणि प्रत सांगायची. शेतकऱ्याचं वर्ष त्या एका शब्दावर ठरायचं. आम्हाला जमीन नव्हती. त्यांची बोटं आणि त्यांचं नाव, एवढीच आमची इस्टेट.

पत्रकाच्या दोन वर्षं आधी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. डावा हात लुळा पडला, मग हळूहळू परत आला. ते कामावर रुजू झाले तेव्हा आम्ही मेहरूणला, आमच्या घराच्या गल्लीभर पेढे वाटले.

एके दिवशी एक शेतकरी थेट घरी आला. वडील नव्हते. तो माझ्यावरच घसरला.

“तू पत्रकं काढस ना? मंग तुना बापवर बी काढ! एकच वावरना कापूस. एक गाडीले पहिली प्रत, दुसरीले तिसरी. हाई कसं?”

दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाशी उभा राहिलो. वडिलांना खेटून एका व्यापाऱ्याचा माणूस उभा होता; समोरची गाडी त्याच व्यापाऱ्याच्या मालाची होती. वडिलांनी तंतू ओढला, अगदी नेहमीसारखा.

“नाना, पहिली ना?” त्या माणसानं विचारलं.

“पहिली.”

पुढची गाडी एका शेतकऱ्याची होती.

“नाना, ही तिसरीच.”

“तिसरी.”

घरी काही विचारलं नाही. डोळ्यांनी पाहिलं होतं, विचारायचं कशाला? बापाला वगळून अन्यायाविरुद्ध लिहिणारा मी नव्हतो. पत्रक छापलं, बाजाराच्या दिवशी वाटलं आणि संध्याकाळी एक प्रत चहाबरोबर त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. खाटेवर हात आपटला. “बरोबर लिहिलंस! असल्या माणसाला हाकललंच पाहिजे.” मग माझ्याकडे वाकून विचारलं, “कोण रे हा? आमच्याच केंद्रावरचा?”

मला वाटलं, सोंग करतायत.

“बाबा, तुम्हीच.”

ते हसले. “येडा की काय? मी रजेवर आहे. हात कुठं बरा झालाय अजून?” आणि तोच डावा हात त्यांनी उचलून मला दाखवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन धुळे गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी त्यांना आदल्या दिवसाचं जेवण विचारलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मग मला बाहेर घेऊन गेले. “काही जणांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत एक प्रथिन साचत जातं. भिंत ठिसूळ होते, फुटते. रक्त थांबतं, साचणं थांबत नाही. बुद्धी विझत जाते. यांचं तेच असावं. खात्री करायची तर मेंदूचा तुकडा काढावा लागेल.”

“पण कापूस तर नीट ओढतात!”

“सवय बोटांत राहिली असेल. ठरवणं गेलं. शेजारचा बोलेल तेच बोलत असतील.”

औषध नव्हतं.

मी त्या शेतकऱ्याकडे जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तुना बाप चोर नही, बरं. पन मना कापूसनी तिसरी प्रत आते कोन बदली देई?”

दुसरं पत्रक काढायचं ठरवलं. त्यात त्या व्यापाऱ्याच्या माणसाबद्दल लिहायचं तर वडिलांचा आजार चव्हाट्यावर येणार होता. मी त्यांना विचारलं, “बाबा, तुमच्या आजाराचं लिहितो. चालेल ना?”

“चालेल,” ते लगेच म्हणाले.

मी चरकलो. उत्तर मीच त्यांच्या तोंडात दिलं होतं. तरीही लिहिलं, माझी चूक सगळ्यात वर घालून. त्या आठवड्यात वडिलांची नोकरी गेली. त्या माणसाला केंद्रावर यायला बंदी झाली. शेतकऱ्याच्या दुसऱ्या गाडीची प्रत मात्र तिसरीच राहिली. तो कापूस तोवर गाठींत दाबून रवाना झाला होता.