सरावापुरता मुलगा

परवा आमच्या हॉस्पिटलात डॉक्टरांचं प्रशिक्षण होतं, वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगावी याचं. सरावासाठी मी, रेकॉर्ड विभागातला कारकून, गेलेल्या पेशंटचा मुलगा झालो. मोठ्या डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला. "तुमचे वडील गेले. आम्ही खूप प्रयत्न केले," ते हळू आवाजात म्हणाले. माझे डोळे खरंच भरून आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोंग घेतलं की माणसासारखं वागणं किती सहज जमतं. एरवी सवड नसते.

गेल्या वर्षी माझे वडील इथेच गेले, तेव्हा याच डॉक्टरांनी जिना उतरता उतरता मला विचारलं होतं, "बॉडी कधी नेताय?"

"छान रडलात," परवा ते म्हणाले. "पूर्वी नाटकात होतात का?"