सातच्या ठोक्याला अडकलेलं उत्तर

सरिताताईंकडे जायचं असेल तर वेळेआधी जा. उशिरा गेलात आणि त्यांनी दारातूनच परत पाठवलं तर माझ्या नावाने बोंबलू नका. मी त्यांचा नातेवाईक नाही की शेजारी नाही. पोलादपुरात माझं मंडप आणि साऊंडचं दुकान आहे, आणि या बाईने गेली काही वर्षं माझं डोकं, माझी बाईक आणि माझे चांगले चालणारे माईक फुकटात वापरले आहेत. तरी त्यांचा विषय निघाला की मी तास तास बोलतो. काय करणार!

ताई मूळच्या महाडच्या. सगळी नोकरी एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत. भोंग्यावरून गाड्या पुकारायचं काम. आवाज असा खणखणीत, की रसवंतीवाला चरक थांबवून ऐकायचा. आणि वेळेच्या बाबतीत एकदम कडक. कोणी पिशव्या सांभाळत धावत येतोय, हात करतोय, तरी ताईंचं आपलं, "सातची गाडी सुटली आहे." माझी स्वतःची गाडी त्यांनी अशी दोनदा घालवली आहे, आणि तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

एकवीस सालच्या पुरात ताई महाडच्या घराच्या गच्चीवर अडकल्या होत्या. लाईट गेलेली, मोबाईल मेलेले. शेजाऱ्यांकडे एक जुना ट्रान्झिस्टर होता. त्यावर दिल्ली बोलत होती, मुंबई बोलत होती. पण आपल्या पुलावरचं पाणी उतरलं का, खालच्या आळीतली माणसं कुठे आहेत, हे सांगणारं कोणी नव्हतं. ताई मला नंतर म्हणाल्या, "राजेश, मी आयुष्यभर लोकांना गाडी कुठे लागली ते सांगितलं. आणि त्या दिवशी माझा आवाज गळ्यातच होता. इतका राग आला ना मला!"

रिटायर झाल्या आणि दुसरी बाई देवदर्शनाला निघाली असती, तर ही बाई रेडिओ स्टेशन काढायला निघाली. गावातल्या लोकांनी चालवायचं, पगार कोणाला नाही, जाहिरातीचा पसारा नाही. लायसन्स एकट्या माणसाला मिळत नाही, संस्था लागते. म्हणून ताईंनी आमच्याकडच्या एका शिक्षण संस्थेचे सेक्रेटरी मालोजीराव यांना गाठलं. मालोजीराव म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. हसले तरी सही केल्यासारखे हसतात. त्यांनी पोलादपुरातल्या जुन्या शाळेच्या माडीवरची एक खोली दिली आणि वर ऐकवलं, "हौस फिटली की सांगा." ताईंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग दिल्लीच्या चकरा, परवानग्या, शंका, पुन्हा परवानग्या. आमचे पाय दुखले, ताईंचे नाहीत.

आणि मग तो दिवस! माडीवर मनोरा उभा राहिला. 'रेडिओ नदीकाठ' नाव ठरलं. आवाज कुठवर पोचतो ते बघायला मला बाईकवर पिटाळलं. खिशात रेडिओ, कानात वायर, आणि मी हायवेने सुसाट. ताई माडीवरून नुसते आकडे मोजत होत्या, "एक, दोन, तीन..." आणि मी येड्यासारखा हेल्मेटात ओरडत होतो, "येतोय! अजून येतोय!" कशेडी घाटाची चढण लागली तरी येतोय! एका वळणावर ट्रकवाले चहा पीत उभे होते. त्यांनाही थांबून ऐकवलं. एक जण म्हणाला, "ही बाय नुसती मोजतेच हाय की!" म्हटलं, अरे, मोजतेय पण आपल्या इथून मोजतेय रे! मला तर नाचावंसं वाटत होतं. घाटात पुढे घरघर सुरू झाली, तिथे मी रस्त्याकडेच्या दगडावर खडूने फुली मारून आलो.

स्टेशन सुरू झालं. सकाळी कॉलेजच्या मुली बातम्या वाचायच्या. घाटात दरड आली का, बाजारात भाजी काय भावाने आहे, दवाखान्यात डॉक्टर आहेत का, सगळं यायचं. एक पार्लरवाली बाई बाळंतिणीच्या आहारावर बोलायची आणि मध्येच स्वतःच्या सासूवर घसरायची. एक रिटायर पोस्टमन गावोगावच्या आठवणी सांगायचा. मशीन माझ्याकडे. आणि संध्याकाळी सातला ताई स्वतः बंद करायच्या. सात म्हणजे सात. पोस्टमनची आठवण विहिरीत पडलेल्या म्हशीपर्यंत आली होती, ती म्हैस ताईंनी तशीच विहिरीत ठेवली. बिचारा दुसऱ्या दिवशी काढायला आला.

सगळं झकास होतं. फक्त फोन वाजत नव्हता. रोज नंबर सांगायचो, "कळवा, कसं वाटतंय." कोण कळवतंय! आमच्याकडची माणसं अशी आहेत, की जेवण झक्क झालं तर मुकाट्याने ढेकर देऊन उठतील, आणि मीठ कमी पडलं तर चुलीपर्यंत येऊन सांगतील. मी ताईंना हे समजावलं. पण ताई आतून खचत चालल्या होत्या. रात्रंदिवस राबणारी बाई, पण त्या मुक्या फोनकडे बघताना तिचा चेहरा उतरायचा, आणि मला त्या फोनचाच राग यायचा.

श्रावणात मालोजीराव माडी चढून आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "सरिताबाई, भिंतींशी बोलायला एवढी खोली कशाला? गणपती झाले की चाव्या द्या. मला इथे कॉम्प्युटर क्लास काढायचाय. ऐकणारे असतील तर दाखवा, मी हात जोडून परत जाईन."

ते गेल्यावर ताईंनी आधी फोनवरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "राजेश, जायचंच असेल तर वाजतगाजत जाऊ. जाखडी ठेवू."

आयला! माझ्या अंगात वारंच शिरलं. गणपतीत मुंबईची सगळी माणसं घरी. घराघरात जाखडी. गोल धरून एका पायात घुंगरू बांधून नाचायचं, आणि मधे बसून शाहिरांनी गायचं. त्यातही दोन पक्ष, शक्तीवाले आणि तुरेवाले. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर न देता गप्प राहिला, तो हरला. मग वर्षभर त्याच्या गावाला टोमणे. आमच्याकडे यावरून सोयरिकी मोडायच्या राहिल्या आहेत.

तुऱ्याकडून आले येसाजीबुवा, पांढऱ्या मिश्यांचे, खोऱ्यातले सगळ्यात जुने शाहीर. शक्तीकडून निशिगंधा, कॉलेजात शिकणारी, जिभेला धार असलेली पोर. स्टुडिओ एवढासा. शाहीर, ढोलकी आणि झांजा आत बसल्या. नाचणारे व्हरांड्यात. त्यांच्या घुंगरांचा आवाज धरायला मी माईक घेऊन त्यांच्या पायांशी उकिडवा. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत ताई, बटणांपुढे. काय रंगलं म्हणून सांगू! जुन्या शाळेची माडी नुसती थरथरत होती. निशिगंधाने शेवटी म्हाताऱ्याचा मान राखून सोप्पा सवाल टाकला, पोरासोरांनाही येईल असा:

"पाय नाही तिला एकही, तरी फिरते दारोदारी,
देवालाही नाचवते ती, सांग तुऱ्याच्या कारभारी!"

येसाजीबुवांनी मिशीवर हात फिरवला. एक क्षण ढोलकी थांबली. आणि घड्याळात सात वाजले.

ताईंनी आतला आवाज बंद केला, आपल्या माईकवर गोड आवाजात "आजचा कार्यक्रम इथेच संपला, नमस्कार" म्हटलं आणि स्टेशन बंद करून टाकलं. काचेतून आवाज जात नाही, त्यामुळे स्टुडिओत कोणाला पत्ता नाही. येसाजीबुवांनी 'पालखी' असं दणक्यात उत्तर दिलं, वर पालखीवर आणखी दोन कडवी रचून म्हटली, घामाघूम झाले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ऐकलं मात्र त्या माडीबाहेर कोणीच नाही.

मी ताईंच्या खोलीत आलो आणि स्टेशन चालू असल्याचा लाल दिवा विझलेला बघितला. "ताई, काय केलंत हे?"

"का? सात वाजले."

"अहो, सवालावर तोडलंत! सगळं खोरं समजेल बुवांना पालखीसुद्धा आली नाही!"

ताई शहरात वाढलेल्या. त्यांना जाखडीतलं काय ठाऊक! तेवढ्यात फोन वाजला. तोच तो मुका फोन! पलीकडे बुवांची बायको ठकूबाई, असा सूर की रिसीव्हर लांब धरावा लागला. "कोण ती बाय? आमच्या ह्यांना बोलू का नाय दिलंस गो? ह्यांना पालखी येत नाय? आख्खी वाडी हसतेय माझ्या दारात!"

ठेवला तर पुन्हा वाजला. "पैसे खाल्लेत काय शक्तीवाल्यांचे?" पुन्हा. "बुवांना चक्कर आली काय?" एक शक्तीवाला तर म्हणाला, "असलं फुकटचं जिंकणं आमाला नको!" ताई प्रत्येकाला "हो, हो, चुकलं माझं" म्हणत होत्या आणि त्यांचे डोळे मोठे मोठे होत होते. मग खाली हॉर्न वाजले. बाईका, रिक्षा, एक टेम्पो भरून माणसं! अंगण भरलं. जो तो वर तोंड करून ताईंच्या नावाने शंख करतोय. मला हसू आवरेना. ताई कठड्याला धरून उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "बोला, अजून बोला! कुठल्या गावचे तुम्ही? आणि तुम्ही?" एवढ्या शिव्या खाऊन इतकी खूश झालेली बाई मी जन्मात बघितली नाही.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत कोणीतरी जिना चढला. मालोजीराव. इस्त्री गेलेली, शर्टाचं बटण उघडं, उजव्या हाताला वरणभात तसाच.

"सरिताबाई, शोभतं का हे?" ते कडाडले. "मी भरल्या ताटावरून उठून आलोय! आमचं घराणं तुऱ्याचं आहे! आई माझी तिथे रेडिओपुढे बसून राहिलीय. बुवांचं उत्तर ऐकल्याशिवाय घास घेणार नाही म्हणते. आधी ते स्टेशन चालू करा!"

बोलून गेले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. खरकटा हात हळूच पाठीमागे गेला. ताईंनी त्यांना एका शब्दाने छेडलं नाही. त्या सरळ आत गेल्या, स्टेशन चालू केलं, लाल दिवा लागला. त्यांनी माईक ओढला. महाड स्टँडवर सगळी नोकरी जो आवाज एकदाही अडखळला नव्हता, तो अडखळला.

"तुम्ही ऐकता होय रे..." एवढंच म्हणाल्या. मग मीच येसाजीबुवांना आत बोलावून माईक त्यांच्यापुढे सरकवला.