बिनखिळ्यांची वखार

राई गावात बोललं जायचं, की खाडीकाठच्या मिठाच्या वखारीत अमृतकाकांनी चांदीची पेटी दडवलीय. म्हणून तर दर उन्हाळ्यात दार आतून लावून म्हातारा तुळया ठोकत बसतो. ठक, ठक, ठक.

सपशेल खोटं. काका ठोकायचे त्या तुळयांच्या सांध्यांतल्या बाभळीच्या खुंट्या. उन्हानं लाकूड आटलं की त्या सैल व्हायच्या आणि पावसाआधी मोगरीनं परत बसवाव्या लागायच्या. तरुणपणी काका इथून मचव्यांवर मीठ चढवायचे. मचवे बंद झाले, ठोकणं राहिलं. आणि दार बंद, कारण उघडं दिसलं की गावच्या शेळ्या खारट भिंती चाटायला आत घुसायच्या.

गिरगावातून काकांच्या शेजारी राहायला आलेल्या पंधरा वर्षांच्या स्वप्नालीला हे सगळं ठाऊक होतं. काकांचा घोगरा आवाज तर तिनं असा उचलला होता, की पाठमोरा वाणी न मागता विडीचं बंडल पुढे करायचा.

१९९१च्या मे महिन्यात वखारीचा मालक शशिकांत बोरिवलीहून आला. "काका, पाडायचं ठरलंय. छपरातले खिळे गंजलेत, कभी भी गिरेगा."

काकांची मोगरी थांबली. "बांधनाऱ्यांचा एक खिला दाखव. सापरला तर चावी घे न पाड. न्हाय सापरला, तर हात न्हाय लावाचा."

"चालेल," शशिकांत हसला.

खुंट्या ठीक, पण एवढ्या मोठ्या इमारतीत एकही खिळा नाही, हे स्वप्नालीला पटेना. घरी फुटक्या स्पीकरचं चुंबक होतं. "काका, मी शोधते. हरले तर गणपतीपर्यंत तुमची नक्कल बंद."

"तुला जमाचा न्हाय गो," काका म्हणाले.

बांबूच्या टोकाला चुंबक बांधून ती घडीच्या शिडीवर चढली. खाली दोन हात जाड दगडी भिंती, मिठाचं पाणी आपोआप वाहून जावं म्हणून खाडीकडे उतरती केलेली फरशी. चुंबक तुळईवरून फिरलं, वाशांवरून फिरलं, प्रत्येक सांध्यावर थांबलं. मुकं. मग शिडी सरकवत खाडीकडच्या दारापाशी आली. भरतीला मचवा उंबऱ्याला लागेल एवढं रुंद दार. चौकटीवर चुंबक टेकवलं.

टक.

"सापडला," ती ओरडली, आणि खाली काकांचा चेहरा दिसला. आपण नेमकं काय जिंकतोय ते तिला तेव्हा कळलं.

काका शिडीच्या दुसऱ्या बाजूनं सावकाश वर आले. खिळा चिमटीत धरून ओढला, तर त्याचा तांबडा भुगाच हातात आला.

"शशी, दसऱ्याला तोरण कोनी बांधलं हतं?"

शशिकांतनं मान खाजवली. "मीच."

"खिलाबी तूच मारलास?"

"दोरी राहत नव्हती, काका."

"सात महिने झालं. मिठानं सात महिन्यांत त्याचं पीठ केलं. बांधनाऱ्यांनी खिले मारलं असतं, तर तुज्या बापासला बी ही वखार दिसली नसती." काकांनी डोक्यावरच्या सांध्यावर मोगरी मारली. धूळसुद्धा पडली नाही.

शशिकांतनं छपराकडे पाहून मान हलवली. "ठीकाय. नाही पाडत."

स्वप्नाली शिडीवरून जवळजवळ उडीच मारून उतरली आणि आनंदानं बोलायला तिनं तोंड उघडलं, तेही काकांच्याच आवाजात. काकांनी नुसती भुवई वर केली. पहिला शब्द ओठांवरून परत गिळावा लागला. गणपतीला अजून पावणेचार महिने होते.