साडभाऊ बेटावर गेलेत

नागपुरात विलायतेला जाऊन आलेली माणसं शोधली तर पुष्कळ सापडतील, पण घराचा उंबरठा न ओलांडता समुद्रातली सात बेटं पालथी घालून आलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा याला मी पूर्वजन्मीचं पुण्य समजतो. पाप समजायलाही हरकत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे त्यांना साडभाऊ म्हणतात. एकाच सासऱ्याच्या दोन जावयांमध्ये जी मुकाट सहानुभूती असते ती आमच्यात होती, म्हणून हे सगळं मला जवळून पाहायला मिळालं.

साडभाऊ कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला. सकाळी डबा घेऊन बसमध्ये चढत ते गव्हाळ रंगाचे, संध्याकाळी उतरत ते राखी रंगाचे. कान झटकले तरी राख पडायची. त्यांच्या वाट्याचा समुद्र म्हणजे राखेचा तलाव आणि लाटा म्हणजे कोळशाच्या ट्रकांची रांग. अशा माणसाला एका दिवाळीत कुण्या कोळशाच्या कंत्राटदाराने एक कॅलेंडर दिलं. बारा महिन्यांची बारा पानं आणि प्रत्येक पानावर परदेशातलं एकेक बेट: निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेली नारळाची झाडं, आणि एकाही पानावर माणूस नाही. झालं! साडभाऊंनी ते मागच्या खोलीत लावलं आणि वर्ष संपलं तरी काढलं नाही. ताई, म्हणजे माझ्या मेहुणी, त्यात चतुर्थी पाहायला गेल्या आणि तीन दिवस आधीच उपाशी राहिल्या, तरीही काढलं नाही.

कॅलेंडर लागलं त्याच्या पुढच्याच मे महिन्यात साडभाऊंनी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि गल्लीत जाहीर केलं, "मी मॉरिशसले चाललो."

आता नागपूरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला मी काय सांगणार, आणि ज्याने काढला नाही त्याला सांगून काय कळणार! दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्या उन्हात साडभाऊ होल्डॉल, सुरई आणि डोक्याला दुपट्टा असे रिक्षात बसले, गल्लीला हात हलवत बसस्टँडवर गेले, तिथे एक कट चहा प्याले, आणि मागच्या सांदीतून, भिंतीच्या सावलीसावलीने घरी परत येऊन मागच्या खोलीत शिरले. मधल्या दाराला आतून कडी लावली. संपला प्रवास. पासपोर्ट नाही, बोट लागणं नाही, काही नाही.

मग पंधरा दिवस साडभाऊ बेटावर. आमच्या नागपूरच्या भाषेत सांगायचं तर, साडभाऊ मॉरिशसमध्ये राहून राहिले. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेल्या. कन्हानच्या नदीची दोन पोती वाळू कोपऱ्यात पसरलेली. ही वाळू पुढे वर्षभर त्या घरच्या वरणात सापडत असे. अंगात बिनबाह्यांची बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, डोळ्यांना सीताबर्डीवरून आणलेला काळा चष्मा, तोही बंद खोलीत. बाजेवर बसून दोन्ही पाय पाण्याच्या घमेल्यात सोडायचे. त्या पाण्यात ताईंना दोन मुठी खडेमीठ टाकावं लागे. "समुद्र गोडा असते काय वं?" असा त्यांचा सवाल होता.

पुढच्या प्रत्येक मे महिन्यात बेट नवं असे, पण बेटाचे कायदे तेच, कडक. नागपूरचं वर्तमानपत्र बंद. नागपूरच्या माणसाशी बोलणं बंद. मी एकदा न राहवून त्या दिवसांत गेलो, तर ताईंनी मला बाहेरच्या खोलीतच अडवलं. "हे नाहीत भाऊ. फिजीले गेले." तेवढ्यात मधल्या दारामागून साडभाऊंचा खोकला आला. तो खोकला लाखात ओळखू येईल असा होता, कोळसा आणि राख दोन्ही होते त्यात. मी ताईंकडे पाहिलं. ताईंच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग दाराच्या फटीतून एक चिठ्ठी बाहेर आली, त्यांच्या मुलीच्या नावाने. "चि. मीनास आशीर्वाद. मी येथे खुशाल आहे. येथील हवा उत्तम. येथील लोक साधे व कष्टाळू. आईस सांगणे की, कालच्या वांग्यात मीठ कमी होते."

एका वर्षी चार दिवस दुपारची वीज जाऊ लागली. वीज तयार करणाऱ्या माणसाच्या घरची वीज जावी यासारखी थट्टा नाही. दुसरा असता तर त्याने आपल्याच खात्याच्या नावाने बोटं मोडली असती. साडभाऊ घामाने निथळत शांत बसून राहिले. मागाहून म्हणाले, "बेटावर लाइट कुठची आली जी? तिथले लोक तसेच राहतात." असा माणूस वरिष्ठांना मिळणं कठीण, पण वरिष्ठांना हे कधी कळलं नाही.

पण खरी धन्य ती गल्ली. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि अख्खी गल्ली गप्प होती. सुट्टी संपली की साडभाऊ सांदीतून निघून बसस्टँडवर जात, तिथून रिक्षाने येत, आणि लोक त्यांना आणायला कोपऱ्यापर्यंत जात. साडभाऊ मुलांना परदेशी गोळ्या वाटत. त्या लिमलेटच्याच असत, फक्त वरचा कागद काढलेला असे. संध्याकाळी ओट्यावर बैठक बसे. "मॉरिशसचे लोक मोठे मायाळू," साडभाऊ सांगत. "एक बाई दोन्ही वेळा ताट घेऊन येई. पंधरा दिवस! पण एक शब्द नाही बोलली." लोक माना डोलवत, "अरे बाप्पा!" म्हणत, आणि ती बाई आत चुलीपुढे पोळ्या लाटत असे. कूलर एकच होता आणि तो बेटावर होता, हे त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

अशी सहा बेटं सुखरूप पार पडली. सातव्याला घोळ झाला, आणि तो मी केला.

मीना तोवर चोवीस वर्षांची झाली होती. पोरगी हुशार, हाताची गोड, पण रंगाने बापाची संध्याकाळची बाजू घेतलेली. पाच ठिकाणचे लोक पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून गेले होते आणि एकानेही कळवलं नव्हतं. मी शाळामास्तर. माझ्याबरोबर नागपूरजवळच्या कुही गावचा एक तरुण शिक्षक होता, माझ्या घरी येई-जाई. मीनाही मावशीकडे येई. कधी त्या दोघांचं जमलं मला कळलं नाही, माझ्या बायकोला कळलं. मुलगा मला म्हणाला, "सर, माह्या बाबांशी तुम्हीच बोला." त्याचे वडील कुहीचे धानवाले, म्हणजे भाताच्या बांध्या कसणारे शेतकरी, शब्दाचे पक्के. खोटं बोलला म्हणून सख्ख्या भावाशी बारा वर्षं बोलले नव्हते. मी त्याच मे महिन्यात गेलो, बोललो, सगळं जुळत आलं, आणि शेवटी म्हाताऱ्याने विचारलं, "पोरीचे वडील काहून नाही आले?"

मी हसत म्हणालो, "ते बाली बेटावर गेलेत."

नागपुरात या वाक्यावर माणूस हसला असता. कुहीत कुणी हसलं नाही. थट्टा ही एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची वस्तू नाही, हे मला पंचवीस वर्षं मास्तरकी करून ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. "समुद्रातले बेटं पायले त्याइनं? तिकडं एकाच बांधीत वर्सातून तीनदा धान घेते म्हणे. मले त्याइले इचाराच लागते." मी सावरायला गेलो, तोवर म्हातारा चहा सांगायला आत गेला होता.

पुढच्याच रविवारी म्हातारबुवा मुलाला घेऊन हजर! मला निरोप आला तेव्हा मी चप्पल अर्धी घालूनच धावलो. पोचलो तर पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेले, ताईंचा चेहरा पांढराफटक, आणि मधल्या दारामागे कूलर घरघरतोय.

"हे नाहीत," ताई म्हणाल्या. सात वर्षांच्या सवयीने बाईच्या तोंडून तेच निघालं.

"माहीत हाय," म्हातारा म्हणाला. "कधी येते?"

"आठ दिवसांनी," मी म्हणालो. माझ्याच आवाजाची मला लाज वाटली.

म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याने मान पुसली. मीना पोह्यांच्या बशा घेऊन आली ती तशीच उभी राहिली. मग तो उठला. "मास्तर, राग नका मानू. पोरीले पाहाले लोक येऊन राहिले आन् बाप सुट्टीवर? सोयराच घरी नसंल तर सोयरीक कोणासंगं करू? राहू द्या." मुलगा म्हणाला, "बाबा, बसा ना." म्हाताऱ्याने चप्पल पायात सरकवली. मीना वळली, आणि आत बशा एकेक करून खाली ठेवल्याचा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आणि मधल्या दाराची कडी निघाली.

दारात साडभाऊ उभे. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, बनियन, पायांतून पाणी टिपकतंय. काळा चष्मा त्यांनी काढून हातात घेतला होता. "मी कुठीच गेलो नाही जी," ते म्हणाले. "गोंदियाच्या पुढं रेल्वेतच बसलो नाही कधी. सात वर्सं झाले, या खोलीत लपून राहतो आन् बेटावर गेलो म्हणतो. पोरीनं तुमच्यापाशी एक शब्द खोटा नाही सांगितला. खोटं बोललो तो मी. माह्याकडं पाहून तिले नाही नका म्हणू." एवढं बोलून त्यांनी हात जोडले. उभ्या आयुष्यात मी साडभाऊंना कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

म्हाताऱ्याने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत दोनदा पाहिलं. "मंग धानाचं तुमाले काईच माहीत नाही?"

"काईच नाही."

म्हातारा त्यांच्या बाजूने आत गेला. मागोमाग आम्ही. त्याने वाळू पाहिली, कॅलेंडर पाहिलं, घमेल्यापुढे उकिडवा बसला, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ काहून टाकलं गा?"

"समुद्र खारा असते," साडभाऊ खाली मान घालून म्हणाले.

म्हातारा बाजेवर टेकला. चपला काढल्या, धोतर गुडघ्यापर्यंत घेतलं आणि भेगा पडलेले दोन्ही पाय त्या घमेल्यात सोडले. डोळे मिटले. कूलरची हवा तोंडावर घेत किती वेळ बसला कुणास ठाऊक. "पासष्ट उन्हाळे काढले," शेवटी म्हणाला. "सारे बांधीवर. असं बसावं म्हणून डोक्यातच नाही आलं." मग डोळे न उघडता म्हणाला, "लोकाइले फसवाले जो हे करंल त्याच्या दारात मी पाय नाही ठेवणार. तुमी तर सोतालेच फसवत होते. बसा जी बाजूले. पोहे इकडंच आणा म्हणा पोरीले."

अशी ती सोयरीक बालीत, म्हणजे मागच्या खोलीत पक्की झाली. चार पाय एका घमेल्यात होते आणि मी दारात उभा राहून रडत होतो, हे मी घरी सांगितलेलं नाही.

धान कापून झाल्यावर लग्न झालं. पाठवणीच्या वेळी साडभाऊ मंडपाच्या खांबाला धरून उभे होते. मीना आईच्या गळ्यात पडून रडली, मग वाकून बापाच्या पाया पडली, आणि उठताना डोळे पुसत म्हणाली, "बाबा, आता जाल तेव्हा आईले न्या." बस, एवढंच. साडभाऊंनी खांब सोडला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या मे महिन्यात गल्लीत चर्चा झाली की, आता कसली बेटं, बिंग तर फुटलं. पण एका सकाळी दाराशी रिक्षा आली. होल्डॉल चढला, सुरई चढली, साडभाऊ चढले, आणि त्यांच्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन, लाजून चूर झालेल्या ताई चढल्या. पुढच्या दाराला कुलूप. पंधरा दिवस त्या घराकडे कुणी फिरकलं नाही. सांदीतून जाणाऱ्यांना कूलरचा आवाज येई, क्वचित भांड्यांचाही, आणि एकदा म्हणे ताईंचं हसणं आलं. तीस वर्षांच्या शेजारात ते कुणी ऐकलं नव्हतं.

दोघं परत आली त्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे ओट्यावर जमलो. साडभाऊ काहीच सांगेनात, म्हणून मीच चेष्टेने विचारलं, "काय ताई, कसं होतं बेट? काय काय पाहिलं?"

ताईंनी चेष्टा कधी केली नाही आणि कुणी केलेली त्यांना कळलीही नाही. त्यांनी नीट विचार केला.

"पाहाले काय, पाणी अन् वाळू," त्या म्हणाल्या. "पण पंधरा दिवस कोणी मले चहा नाही मागितला, भाऊ. याइनंच करून दिला, दोन्ही वेळा. पानचट होता." मग पदर सारखा करून हळूच म्हणाल्या, "मी आजवर एवढ्या दूर कधी गेली नव्हती."