‘कोणासाठी?’ विचारणाऱ्या चौकशीताई

माझ्या भाचीला गणिताच्या पेपरातून उठवून थेट दवाखान्यात न्यावं लागलं, आणि यात गणिताचा काही दोष नव्हता. दोष माझा होता. गणिताला उगाच बोल लागला.

भाची चौदा वर्षांची. आई आणि ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “मामा, ते एनर्जी ड्रिंकचे दोन डबे आणून दे ना. वर्गात सगळे पितात. डोकं एकदम जागं होतं.”

“मग तूच आण की.”

“चौकशीताई देत नाहीत.”

आईकडे मागितलं असतं तर डोकं निराळ्याच उपायाने जागं झालं असतं, म्हणून अर्ज माझ्याकडे. लोक एखाद्याला मामा बनवतात तेव्हा त्यांना थोडी मेहनत तरी पडते. माझ्या बाबतीत तीही पडली नाही.

चौकशीताई म्हणजे आमच्या इमारतीखालच्या किराणा दुकानाच्या मालकीण. वय साठीच्या आसपास, चष्मा नाकाच्या टोकावर, कानामागे पेन्सिल. आधी बावीस वर्षं त्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर होत्या. नवरा गेल्यावर त्याचं हे दुकान त्यांनी हातात घेतलं, पण काउंटर बदलला तरी सवय बदलली नाही. काहीही मागा, आधी प्रश्न: “कोणासाठी?” साखर मागितली तरी कोणासाठी, मेणबत्ती मागितली तरी कोणासाठी. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना त्यांनी चार वर्षांत एकदाही लोणचं मिळू दिलेलं नाही, कारण आजोबांचं ब्लडप्रेशर ताईंना पाठ आहे. उंदराचं औषध घ्यायला गेलो तेव्हाही विचारलं होतं. मी म्हटलं, “उंदरासाठी.” तर म्हणाल्या, “किती आहेत?”

एनर्जी ड्रिंक त्या शाळेच्या मुलांना देत नसत. तसा कुठे कायदा नव्हता. डब्यावर छापलेलं असे तेवढाच त्यांचा कायदा. मुलं चिडत, पाठ फिरली की त्यांची नक्कल करत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जात. तो दुकानदार काही विचारत नसे. पण तो भाचीच्या आईच्या ओळखीचा, म्हणून तिथे तिची पंचाईत.

तर मी खाली गेलो. “दोन डबे द्या.”

“कोणासाठी?”

“माझ्यासाठी.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही? जिना चढून आलात की पहिल्या मजल्यावर बसता, ते तुम्ही?”

“म्हणूनच तर,” मी म्हणालो. त्यांनी डबे दिले.

सकाळी पोरीने उपाशीपोटी ते दोन्ही संपवले. अर्ध्या तासात हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली आणि उत्तरपत्रिकेवर उलटी झाली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, दोन तास झोपवून ठेवलं आणि म्हणाले, “आता ठीक आहे. चार-पाच कप कडक कॉफी एका दमात ढोसल्यासारखं झालंय हे. पोरगी आहे केवढी. मुलांसाठी नाही असं डब्यावर लिहिलेलं असतं, पण इतकं बारीक की वाचायला मुलांचेच डोळे लागतात.”

बहिणीने विचारलं, “कुठून आणलेस?”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहिलं. “खालच्या दुकानातून,” ती म्हणाली. खोटं तर नव्हतं.

बहीण दवाखान्यातून तडक दुकानात. मी मागे, औषधांची पिशवी धरून. “अख्ख्या गल्लीची चौकशी करता आणि माझ्या मुलीला विष विकता?” असं सुरू झालं ते चार गिऱ्हाइकांसमोर दहा मिनिटं चाललं. चौकशीताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत त्यांचा सगळा हिशेब लागला हे मला दिसलं. आता माझं नाव येणार म्हणून मी साबणाच्या वड्यांमागे सरकलो.

“डबे माझ्याच दुकानातले,” त्या म्हणाल्या. “विचारलं होतं मी, पण मिळालेलं उत्तर खरं मानलं. चुकलंच माझं. पोरगी कशी आहे?”

बस्स. माझं नाव आलं नाही. बोलायची पाळी माझी होती, आणि मी साबणाचा वास घेत उभा होतो.

बहिणीने सगळ्या इमारतीला सांगितलं, इमारतीने गल्लीला. महिन्याभरात ताईंच्या दुकानापुढची गर्दी सरकत सरकत कोपऱ्यावर गेली. मी रोज ठरवत होतो की आज बहिणीला सांगायचं. रोज भाजी चांगली झालेली असायची आणि म्हणायचो, जेवण होऊ दे. ताईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी नवा नियम काढला. मोठ्या माणसालाही डबा घरी न्यायची परवानगी नाही. इथेच फोडायचा, इथेच प्यायचा, रिकामा डबा त्यांच्या हातात द्यायचा. व्यायामशाळेचा धिप्पाड मास्तर त्यांच्यापुढे उभा राहून औषध घेणाऱ्या पोरासारखा घोट घोट पिताना मी स्वतः पाहिलाय. “पाणी प्या वरून,” असंही त्यांनी त्याला सांगितलं.

असल्या नियमाने विक्री कशी होणार? कंपनीचा माणूस आला. दुकानातला काचेचा फ्रीज कंपनीचा होता. “ताई, डबे खपत नसतील तर फ्रीज परत न्यावा लागेल.”

“न्या की. थांबा, आधी दूध काढून घेते.”

फ्रीज गेला, त्यामागून दूध आणि दह्याची गिऱ्हाइकंही गेली. आता शटर कधी कायमचं खाली येतं, एवढंच लोकांनी बोलायचं बाकी होतं.

त्याच सुमारास नगरपालिकेने नोटीस लावली. सोळा वर्षांखालच्या मुलांना ही पेयं विकायला बंदी करायची का, यावर लोकांची मतं ऐकायला सभा ठेवली होती. शाळेच्या बाई आल्या, आमचे डॉक्टर आले, बहीण तर पहिल्या रांगेत. कोपऱ्यावरचा दुकानदार उठून म्हणाला, “नियम कशाला? ह्या ताई जन्मपत्रिका विचारून विकतात, तरी ती पोरगी दवाखान्यात गेलीच ना? विचारून काही होत नाही, साहेब.” लोक हसले. चौकशीताई मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. शेजारच्या माणसाने कोपराने ढोसलं, तरी नाहीत.

मी उठलो. धाडसाने उठलो असं म्हणायचा मोह होतो, पण माझे पाय उठले आणि मी त्यांच्याबरोबर गेलो.

“ते डबे मी नेले होते,” मी म्हणालो. “कोणासाठी म्हणून त्यांनी विचारलं. मी खोटं सांगितलं. मुलांना त्यांनी कधीच दिलं नाही. आणि माझं नाव माहीत असून त्या गप्प बसल्या. विचारून उपयोग होतो, साहेब. पण एकट्या बाईने विचारून भागत नाही. प्रत्येक दुकानात विचारायला हवं, आणि माझ्यासारख्या मामांनाही.”

बहिणीने मागे वळून पाहिलं. लहानपणी तिची पाटी फोडून मी मांजरावर ढकललं होतं, त्या दिवशीची तीच नजर. “घरी ये,” एवढंच म्हणाली. घरी काय झालं ते आमच्या दोघांत राहू द्या. या वेळी मांजर सुटलं.

दोन महिन्यांनी नियम झाला. आता कोपऱ्यावरचा दुकानदारही वय विचारतो, ओळखपत्र बघतो, आणि मोठ्या माणसाने मुलासाठी नेलं तर त्या मोठ्यालाच दंड. भाचीने गणिताचा पेपर पुन्हा दिला, पास झाली. साध्या झोपेवर.

बहीण त्याआधीच, म्हणजे सभेच्या दुसऱ्याच दिवशी, ताईंच्या दुकानात गेली होती. माफी मागायला तिला जमत नाही. आमच्या घराण्यातच ते नाही. तिने महिन्याचं सगळं सामान लिहिलेली यादी काउंटरवर ठेवली. ताई एकेका ओळीला “कोणासाठी?” विचारत गेल्या आणि बहीण एकेका ओळीला मुकाट्याने उत्तर देत गेली. तिच्या पाठोपाठ इमारत परत आली, इमारतीमागून गल्ली. शटर वरच राहिलं.

मला मात्र तिथे जायला आणखी आठवडा लागला. दुकानात कोणी नाही असं बघून गेलो. वाटेत दोन-तीन वाक्यं जुळवली होती, ती काउंटरपाशी पोचेपर्यंत पांगली. “ताई,” मी म्हणालो, “माझी भाची आता ठणठणीत आहे. तुम्ही माझं नाव घेतलं असतं तर बहिणीचं तोंड मला वर्षभर दिसलं नसतं. दुकान जात होतं तुमचं, तरी घेतलं नाहीत. हे उपकार मी कसे फेडू, खरंच सांगा.”

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, चष्म्यावरून मला नीट पाहिलं आणि म्हणाल्या,

“चहापावडर कोपऱ्यावरून आणणं बंद करा.”